हात लावून बघ!

आपल्या घरांमधून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं, 'हात लावू नकोस, बिघडेल!' नवा मिक्सर आला, हात लावू नकोस. इन्व्हर्टर कुंई कुंई करतोय, हे घरी येऊ देत. स्कूटी सुरू होत नाही, दादाला बोलव. आणि गंमत बघा, जिला हे सगळं सांगितलं जातं तीच बाई दुपारी शिलाई मशीनपाशी बसते, बॉबिन काढून झटकते, टेन्शनचा स्क्रू अर्धा फेरा सैल करते, सुटलेला पट्टा चढवते आणि धागा का तुटतोय हे नुसत्या आवाजावरून ओळखते. पण त्याला कुणी यंत्राचं ज्ञान म्हणत नाही. ते आपलं 'शिवणकाम'!

हा विषय डोक्यात आला तो एका व्हिडिओ गेममुळे. थांबा, पान उलटू नका! गेम म्हटलं की माझ्याही कपाळाला आठ्याच पडतात. ढिशूम ढिशूम, मुलांचे लाल झालेले डोळे आणि 'पाचच मिनिटं' म्हणत गेलेला तास. हा गेम त्यातून पूर्ण सुटलेला आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, जी मला आपल्या मुलींसाठी फार महत्त्वाची वाटते.

गेमचं नाव लांबलचक आहे, 'द लेजेंड ऑफ झेल्डा : टिअर्स ऑफ द किंगडम'. जपानमधल्या क्योटो शहरातल्या निन्टेंडो कंपनीने तो १२ मे २०२३ रोजी बाजारात आणला आणि पहिल्या तीन दिवसांत जगभर त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. निन्टेंडोच्याच 'स्विच' नावाच्या यंत्रावर तो चालतो. हातात धरून खेळा, नाहीतर टीव्हीला जोडा.

गोष्ट आपल्या आजीच्या गोष्टींसारखीच. हायरूल नावाचं राज्य, नाहीशी झालेली राजकन्या झेल्डा आणि तिला शोधायला निघालेला लिंक नावाचा तरुण. सुरुवातीलाच एका दुष्ट शक्तीमुळे लिंकचा उजवा हात निकामी होतो आणि त्या जागी त्याला एका प्राचीन राजाचा हात मिळतो. या नव्या हातात ज्या विद्या आहेत त्यातल्या एकीचं नाव अल्ट्राहँड. समोर पडलेली सुटी वस्तू दुरूनच उचलायची, हवेत हवी तशी फिरवायची आणि दुसऱ्या वस्तूला चिकटवायची. फळी, ओंडका, चाक, दगड, काहीही. मध्ये हिरवट चमकता गोंद येतो आणि जोड पक्का होतो. चुकलं? गदागदा हलवायचं, जोड सुटतो. परत लावायचं. गोंद संपत नाही, आणि हजार वेळा काढ-घाल केली तरी वस्तूवर ओरखडा उठत नाही.

पहिला धडा अगदी साधा आहे. समोर दरी, अलीकडे दोन फळ्या. एक फळी पुरत नाही. दोन जोडल्या की पूल झाला! इथून सुरू झालेली गोष्ट पुढे कुठच्या कुठे जाते. झोनाई नावाच्या प्राचीन लोकांनी मागे ठेवलेली उपकरणं मिळू लागतात. त्यात पंखे आहेत, चाकं आहेत, विमानाचा पंख, रॉकेट, फुगा, स्प्रिंग, तोल सांभाळणारं एक उपकरण आणि गाडी वळवायचा दांडा. ती मिळतात कशी, तर जत्रेत नाणं टाकल्यावर चेंडूतून खेळणं बाहेर पडतं ना, तश्शी! सगळी चालतात लिंकच्या कमरेच्या बॅटरीवर. सुरुवातीला ही बॅटरी इतकी लहान, की विमान अर्ध्या आकाशात असतानाच ती मान टाकते.

मी हे सगळं पाहिलं ते इचलकरंजीला, ताईकडे. तिचा पुतण्या सिंगापूरला असतो. सुट्टीत आला तेव्हा त्याने आपला जुना स्विच 'मुलांसाठी' म्हणून ठेवला. मुलांसाठी म्हणजे भाच्यासाठी, हे वेगळं सांगायला नको. नववीतल्या भाचीच्या वाट्याला आली ती त्याच्या क्लासची वेळ, संध्याकाळी साडेपाच ते सात.

भाचा तलवार घेऊन राक्षसांच्या मागे. भाची मात्र एका तळ्याकाठी चार दिवस अडकून बसली होती. तळं पार करायचं होतं. तिने तीन ओंडके शेजारी शेजारी जोडून तराफा केला आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात पंखा बसवला. तराफा घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरायला लागला! मग पंखा मधोमध आला. तराफा सरळ निघाला, पण लिंक मागे उभा राहिला की मागचा भाग दबायचा आणि पंख्याचा जोर फुकट जायचा. मग तिने लिंकला पुढे उभं केलं. तर बॅटरी मध्येच संपली. तिसऱ्या दिवशी तिने एक ओंडका काढूनच टाकला. म्हणाली, "मावशी, तीन कशाला? मी एकटीच तर जाणार. वजन कमी झालं की बॅटरी पुरेल." आणि पुरली!

माझ्या लक्षात आलेली गोष्ट ही की या चार दिवसांत तिला कुणी 'काय हे, एवढं पण जमत नाही?' म्हटलं नव्हतं. तराफा उलटला की लिंक पोहत काठाला येतो. दरीत कोसळला तरी गेम त्याला थोडं मागे नेऊन पुन्हा उभं करतो. पैसे जात नाहीत, वस्तू फुटत नाही, कुणी ओरडत नाही. आपल्या घरात मुलीला अशी चार दिवस चुकायची मोकळीक कुठल्या वस्तूवर मिळते, सांगा बरं! पोळीवर मिळते. तिथे तर पहिली पोळी नकाशा झाली तरी आपण हसून म्हणतो, 'येईल हळूहळू.' पानाला आणि स्क्रू ड्रायव्हरला हे 'येईल हळूहळू' लागू होत नाही.

तळ्यानंतर विमान. झोनाई पंख उतारावरून ढकलला की तरंगत जातो, पण लिंक त्याच्या टोकाला उभा राहिला तर नाक खाली जातं. तो पंख काही वेळाने लुकलुकायला लागतो आणि चक्क नाहीसा होतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ताईच्या स्वयंपाकघरापर्यंत किंकाळी ऐकू आली. मग भाचीने पंखाचा नाद सोडला आणि गेम खेळणाऱ्यांमध्ये जगभर गाजलेली एक जोडणी करायला घेतली. नुसते दोन पंखे आणि मध्ये वळवायचा दांडा, बस्स. पंखे जरा तिरके बसवायचे, म्हणजे ते वरही उचलतात आणि पुढेही ढकलतात. ऐकायला सोपं आहे, पण एक पंखा केसभर जरी इकडेतिकडे झाला तर ही उडती गाडी एका अंगाला कलंडत जाते. ती किती वेळा आपटली ते मी मोजलं नाही. भाचीनेही नाही.

मोठे खेळाडू तर यापुढे कुठे पोचलेत! कुणी पायांनी चालणारे राक्षसी यंत्रमानव उभे केले, कुणी रणगाडे, कुणी पंख हलवणारी विमानं. त्यासाठी काय काय शक्कल लढवली बघा. गाडीचं मोठं चाक गाडीला न लावता त्याला दुसरेच भाग चिकटवले, म्हणजे चाकाची झाली मोटर, फिरेल ती आणि फिरवेल बाकीचं. शत्रू दिसला की त्याच्याकडे वळणारं एक डोकं मिळतं, त्याला तोफ लावली की झाला पहारेकरी. आणि हे सगळं मर्यादेत. एका यंत्रात एकवीसच भाग जोडता येतात. रेशनच्या साखरेत दिवाळीचा फराळ बसवायचा तशातलाच प्रकार! कुठला भाग दोन कामं करेल, कुठल्याशिवाय भागेल, हा हिशेब आपल्याइतका कुणाला कळणार?

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. या गेममध्ये पानांचे मुखवटे घातलेले कोरॉक नावाचे छोटे वनदेव आहेत. त्यातले काही पाठीवर भलंमोठं ओझं घेऊन दमून बसलेले असतात, त्यांना त्यांच्या मित्रापर्यंत पोचवायचं असतं. पुण्याचं काम. पण कित्येक खेळाडू त्यांना रॉकेटला बांधून आकाशात उडवतात, चाकाला बांधून गरगर फिरवतात आणि हसतात. भाचाही हसला. "अरे, त्याला लागत नाही, मावशी!" नसेल लागत. पण कोरॉकला दगडी उतारावरून न आपटता खाली कसं न्यायचं, यावर भाचीने जी डोकेफोड केली ती मला जास्त बघवली.

आता अल्ट्राहँड या नावाची कथा ऐका, ती मला गेमइतकीच आवडते. निन्टेंडो ही काही सुरुवातीपासून व्हिडिओ गेमवाली कंपनी नव्हे. १८८९ साली ती निघाली ती हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवायला. १९६५ मध्ये तिथे गुनपेई योकोई नावाचा तरुण इंजिनिअर लागला. काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्रं नीट चालत असली की याला रिकामा वेळ. त्या वेळात त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांबणारा हात बनवला. जुन्या लिफ्टचं किंवा दुकानाचं जाळीचं सरकतं दार आठवा, एकमेकांवर तिरक्या पट्ट्या असलेलं. तशाच पट्ट्या, एका टोकाला कात्रीसारखी मूठ, दुसऱ्या टोकाला पकड. मूठ दाबली की हात झरकन लांब होतो आणि पलीकडची वस्तू धरतो. कारखान्यात फेरी मारताना कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते पाहिलं. 'कामाच्या वेळेत हे काय चाळे' म्हणून त्याला घालवून देता आलं असतं. त्यांनी सांगितलं, याचं खेळणं कर. १९६६ मध्ये 'अल्ट्रा हँड' बाजारात आला आणि दहा लाखांच्या वर खपला. पत्त्यांची कंपनी खेळण्यांकडे वळण्यात त्याचा मोठा वाटा होता. याच योकोई यांनी पुढे 'गेम अँड वॉच' आणला, आणि 'गेम बॉय'मागेही तेच होते. १९९७ साली एका अपघातात ते गेले. सव्वीस वर्षांनी नव्या गेममधल्या या विद्येला त्यांच्या पहिल्या खेळण्याचं नाव मिळालं.

हा गेम बनवणाऱ्यांनीही डोक्याला कमी ताप करून घेतलेला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गेम बनवणाऱ्यांची परिषद झाली, तिथे त्यांनी आपली अडचण सांगितली. खेळणारा काय कशाला चिकटवेल याचा नेम नाही, त्यामुळे त्यांचं जग सारखं मोडत होतं. शेवटी त्यांनी असं ठरवलं की जगातल्या झाडून सगळ्या वस्तू, दारं आणि दातेरी चाकंसुद्धा, वजन-घर्षण-ढकलणं यांच्या एकाच नियमांनी चालतील. कुणालाही सूट नाही. आवाजाचंही तसंच. घोडागाडीचा म्हणून वेगळा आवाज या गेममध्ये भरलेला नाही. चाकं फिरतात, साखळ्या खुळखुळतात, सांधे करकरतात, ते सगळे आवाज मिळून गाडीचा आवाज होतो. गेम जवळजवळ तयार झाल्यावरही या मंडळींनी तो आणखी सुमारे वर्षभर नुसता घासूनपुसून नीट केला, असं निर्माते एइजी आओनुमा यांनी सांगितलं आहे.

नियम इतके पक्के आहेत म्हणून तर तो कॉलेजात शिरला. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात रायन सोकोल नावाचे मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आहेत. २०२३ मध्ये त्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी यंत्ररचनेचा एक विषयच या गेमवर शिकवला. एरवी मुलं यंत्राचं चित्र काढतात, पण ते प्रत्यक्षात बनवून, चालवून, मोडून पुन्हा बनवायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा? गेममध्ये ते एका तासात दहा वेळा होतं. मुलं वर्गात गेम खेळून मार्क मिळवतात म्हणून तिथल्या आयांनी काय म्हटलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो!

दुसरी बाजूही सांगायला हवी. हा गेम आणि ते यंत्र, दोन्ही महाग आहेत. मुद्दाम विकत घ्या असं मी मुळीच सुचवत नाही. वेळ तर असा खातो की नुसती मुख्य गोष्ट संपवायलाच पन्नास-साठ तास लागतात. यात राक्षस आहेत, मारामारी आहे, भेसूर हातही आहेत. लहान मुलं दचकतील. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पडद्यावरचा गोंद खरा नाही. खऱ्या नटाचा आटा घासतो, खऱ्या मोटरला शॉक असतो, खऱ्या पट्ट्यात बोट अडकतं. हे गेम शिकवत नाही.

तुमच्या घरात स्विच नसेल, पण मुलांच्या मोबाईलवर 'माइनक्राफ्ट' असण्याची शक्यता बरीच आहे. ठोकळ्यांचं जग असतं ना, तेच. त्यात रेडस्टोन नावाची लाल भुकटी मिळते. ती जमिनीवर ओळीने पसरली की विजेच्या तारेसारखं काम करते. तिच्या जोरावर मुलं आपोआप उघडणारी दारं, पीक कापणारी यंत्रं, अगदी आकडेमोड करणारी यंत्रंसुद्धा बनवतात. पुढच्या वेळी 'ठेव तो मोबाईल' म्हणण्याआधी एकदा विचारा, 'दार उघडतं कसं, दाखव की.' मुलगी असेल तर नक्की विचारा.

कारण खेळांच्या या जगातही बाईला पुढे यायला वेळ लागलाच. टिअर्स ऑफ द किंगडममध्ये पुरा नावाची हुशार शास्त्रज्ञ आहे, टेहळणीचे मनोरे तिनेच उभारलेत. पण गेमला नाव राजकन्येचं असून खेळायचं मात्र लिंक होऊन! ही मालिका १९८६ पासून चालू आहे. मुख्य मालिकेत झेल्डा होऊन जवळजवळ सगळा खेळ खेळायला मिळाला तो थेट सप्टेंबर २०२४ मध्ये, 'एकोज ऑफ विस्डम' या गेममध्ये. त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक आहेत तोमोमी सानो, या मालिकेतल्या पहिल्या महिला दिग्दर्शक. त्यात झेल्डा पाहिलेल्या वस्तूंच्या प्रतिकृती उभ्या करते, आणि उंच भिंत चढायला पलंगावर पलंग रचते. हा उपाय मला तरी फार ओळखीचा वाटला. आपण स्टुलावर पाट ठेवून माळ्यावरचे डबे काढतोच की!

भाची आता दहावीत आहे. ताईच्या घरामागे शेडमध्ये भाऊजींचे सहा माग आहेत, जुने, धोट्याचे. लहानपणापासून त्या खडखडाटातच ती झोपली आणि अभ्यासही केला. घरातल्या बायकांनी कांड्या भरायच्या, मागाला हात लावायचा नाही. बिघडला की जॉबर येणार. ही रीत. आणि या मुलीने मागच्या दिवाळीत जाहीर केलं, दहावीनंतर डिप्लोमा करणार, मेकॅनिकल.

घरात शांतता. भाऊजी म्हणाले, "कॉम्प्युटर घे. बसून काम, स्वच्छ काम." भाऊ म्हणाला, "गेममध्ये गाडी उडवली म्हणून काय इंजिनिअर होतेस काय?" त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. गेम खेळली हे काही मेकॅनिकलला जायचं कारण होऊ शकत नाही, गणित लागतं, ड्रॉइंग लागतं, वर्कशॉपमध्ये उन्हाळ्यात आठ आठ तास उभं राहावं लागतं. हे मीही तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. पण मावशी, तुमच्यापैकी कुणी विचारलं का, मला आवडतं काय ते?" ताई तेवढ्यात चहा ठेवायला उठली.

त्यानंतर तिने वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी केसांचा घट्ट अंबाडा बांधून, ओढणी खुंटीला अडकवून ती शेडमध्ये जाऊन उभी राहिली. जॉबर काकांनी भाऊजींकडे पाहिलं, भाऊजींनी वर पत्र्याकडे पाहिलं. कुणी नको म्हटलं नाही, म्हणून ती थांबली. धोटा मध्येच का अडकतो, कधी उडून बाहेर येतो, आणि तो उडाला तर माणसाने कुठल्या बाजूला उभं असू नये, हे त्या महिन्यात ती शिकली. शेवटचं मला तिने दोनदा सांगितलं.

डिप्लोमाचे फॉर्म निकालानंतर भरायचे आहेत. घरात अजून काही ठरलेलं नाही. गेल्या रविवारी ताईचा फोन आला होता. चार नंबरचा माग बंद पडला, जॉबर काका आले, आणि शेडमधून भाऊजींनीच भाचीला हाक मारली, पाना घेऊन ये म्हणून. नुसता आणून द्यायला की धरायला, ते ताईला कळलं नाही. पण ती जेवायला आली ती तासाभराने, आणि हातांवरचं ऑइल राखेने घासून काढायला आणखी दहा मिनिटं लागली.